फोन आला होता

रेवती लोहारला लिहिता येत नव्हतं, आणि हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. साताऱ्यातल्या एका शाळेत ती प्रयोगशाळा सहायक होती. प्रयोगाची नोंद ठेवावी तसंच ती लिहायची: तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, काय झालं. अशा पद्धतीनं तिनं एकशे चाळीस पानं भरली होती आणि नऊ वर्षांत सात प्रकाशकांकडे पाठवली होती. सातव्यानं निदान उत्तर तरी पाठवलं. त्यानं लिहिलं होतं की मजकूर खरा वाटतो, पण वाचवत नाही.

मजकूर तिच्या वडिलांबद्दल होता. महादेव लोहार धामण नदीवरच्या धरणाचे दरवाजे चालवायचे. पंचवीस वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये वरच्या खोऱ्यात तीन दिवस पाऊस कोसळत होता. चौदा वर्षांची रेवती वडिलांचा डबा घेऊन धरणावर गेली आणि केबिनमध्ये अडकून पडली. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. वडील बाहेर पातळी बघत होते, म्हणून तिनं तो उचलला. पलीकडून देशमाने साहेब बोलत होते, वडिलांचे सगळ्यात वरचे अभियंते. 'महादेवला दे,' एवढंच ते म्हणाले. वडिलांनी फोन घेतला तेव्हा ती शेजारीच उभी होती आणि पलीकडचं बोलणं तिला स्पष्ट ऐकू येत होतं. खाली निंबगावला नव्या घाटाचं उद्घाटन होतं, पाहुणे नदीकाठी मांडवात बसले होते. कार्यक्रम आटोपेपर्यंत एकही दरवाजा उघडायचा नाही, असा हुकूम होता. वडिलांनी दोनदा सांगितलं की पाणी थांबणारं नाही. साहेबांनी फोन ठेवला.

परवानगी साडेपाचला आली. तोवर पाणी इतकं चढलं होतं की सातही दरवाजे एकदम उचलावे लागले. निंबगावातली अकरा माणसं वाहून गेली.

चौकशीत फोनचा उल्लेखही झाला नाही. नोंदवहीतलं त्या दिवसाचं पान सापडलं नाही. गेट ऑपरेटरला डुलकी लागली असा निष्कर्ष निघाला, आणि चौदा वर्षांच्या मुलीची साक्ष कुणी घेतली नाही. महादेव लोहार निलंबनातच सहा वर्षांनी गेले. तेव्हापासून रेवतीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. हे सगळं इतकं चांगलं लिहायचं की लोकांना ते वाचावंच लागेल.

म्हणून 'शैली' नावाच्या लेखन कार्यशाळेची जाहिरात पाहिल्यावर तिनं त्याच दिवशी नाव नोंदवलं.

कार्यशाळा पुण्यात होती आणि ती चालवणारे डॉ. ईशान परचुरे मेंदूचे संशोधक होते. पहिल्या दिवशी त्यांनी बारा जणांसमोर टेबलावर एक कापडी पट्टा ठेवला, कपाळाला बांधायचा, तीन बोटं रुंद. त्यांनी सांगितलं की चाळीस हजार वाचकांच्या डोक्याला संवेदक लावून त्यांना कथा-कादंबऱ्या वाचायला दिल्या होत्या. कोणत्या वाक्याला लक्ष ताणलं जातं, कुठं ढिलं पडतं, कुठं डोळे भरून येतात, याची मोजमापं गोळा झाली. त्यातून संगणकात एक सरासरी वाचक तयार झाला. तुम्ही वाक्य लिहिलंत की हा वाचक ते तत्क्षणी वाचतो, आणि त्याचं लक्ष चढलं की उतरलं ते पडद्यावर एका रेघेनं दिसतं. त्याला आवडलं, तर पट्ट्यातून ध्वनिलहरींचा एक बारीक झोत मेंदूच्या आतल्या एका केंद्रावर पडतो. तहान लागल्यावर पाणी प्यायलं की जे केंद्र जागं होतं, तेच हे केंद्र.

"हा पट्टा तुमच्यासाठी लिहीत नाही. तुमच्या मेंदूला शिकवतो," ते म्हणाले. "सायकल शिकताना तोल सावरला की अंगालाच कळतं, तसं. पट्टा घरी न्या, रोज लिहिताना बांधा आणि आठ महिन्यांनी काढून ठेवा. शिकलेलं तुमच्याजवळ राहील."

यात खोटं काहीच नव्हतं. पहिल्या महिन्यातच रेवतीची वाक्यं बदलली. कुठं थांबायचं ते तिला उमगायला लागलं. एखादा शब्द बरोबर बसला की डोक्यात गोड, उबदार असं काहीतरी पसरायचं आणि तिचा हात आपोआप पुढच्या शब्दाकडे जायचा. चौथ्या महिन्यात तिनं धरणावरच्या पावसाचं एक पान लिहिलं आणि वर्गात वाचून दाखवलं, तेव्हा वाचून झाल्यावर दोघांनी ते पान मागून घेऊन पुन्हा वाचलं. रेवतीला आयुष्यात असं काही मिळालं नव्हतं. घरी येताना बसमध्ये ती स्वतःशीच हसत होती.

साताऱ्यात आई तिच्याजवळच राहायची. शालनबाईंचे डोळे मोतीबिंदूमुळे अधू झाले होते. गेली नऊ वर्षं दर रविवारी रेवती आपलं लिहिलेलं आईला वाचून दाखवायची आणि आई मध्येच थांबवायची. डबा पितळी नव्हता, स्टीलचा होता. तुझे बाबा असं कधी म्हणायचे नाहीत. रेवती वही काढून तिथल्या तिथं दुरुस्त करायची. आता तिला ते थांबवणं सहन होईना. आईनं अडवलं की डोक्यातली ऊब एकदम विझायची आणि मागं नुसता रिकामा गारवा उरायचा. आधी एक रविवार चुकला, मग दुसरा. आईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली की आता पुस्तक पूर्ण झाल्यावरच वाचेन. आईनं बरं म्हटलं आणि रविवारी देवळात कीर्तनाला जायला लागली.

फोनचा प्रसंग लिहायला घेतला तेव्हा पडद्यावरची वाचकाची रेघ खाली उतरली. अभियंत्याचं पद, घड्याळातली वेळ, घाटाचा कार्यक्रम, हुकूम, यातलं काहीच त्या वाचकाला धरून ठेवत नव्हतं. त्याला वडिलांच्या मनात शिरायचं होतं. रेवतीनं फोन दोन पानांवरून एका परिच्छेदावर आणला आणि वडील पाण्याकडे बघत उभे आहेत, दरवाजे उचलायच्या चाकावरचा हात हलत नाही, असं लिहिलं. ऊब आली. तिनं तो हात आणखी थोडा वेळ अडकवून ठेवला. पुढच्या खर्ड्यात फोन एका ओळीवर आला. त्यानंतरच्या खर्ड्यात दूर कुठंतरी घंटी वाजते आणि कुणी उचलत नाही, एवढंच राहिलं. ते सगळं आपण नंतर प्रकरणाच्या शेवटी नीट घालू, असं तिनं ठरवलं होतं. शेवटच्या खर्ड्यात घंटीही नव्हती.

पुस्तकाचं नाव 'ओझं पाण्याचं'. ते प्रसिद्ध झालं आणि पाच महिन्यांत चौथी आवृत्ती निघाली. एक साधा माणूस, डोळ्यांसमोर चढणारं पाणी, आणि एका भ्याड क्षणाचं आयुष्यभराचं ओझं, असं परीक्षणांतून लिहून आलं. शाळेत मुख्याध्यापकांनी तिचा सत्कार केला. अनोळखी माणसं तिला पत्रं लिहायची की तुमच्या वडिलांना आम्ही माफ केलं.

शालनबाईंनी पुस्तक ऐकलं ते ध्वनिमुद्रित, एका दिवसात, सलग. संध्याकाळी रेवती शाळेतून आली तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. चहा केलेला नव्हता.

"फोन कुठाय?" त्यांनी विचारलं.

रेवतीनं पर्स उघडून आपला फोन काढून दिला.

"हा नव्हे. साहेबाचा फोन. दोन वाजताचा. पुस्तकात कुठं घातलायस?"

"कुठल्या साहेबाचा?"

शालनबाईंनी मान वळवली. त्यांना लेकीचा चेहरा नीट दिसत नव्हता, तरी त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. आपली चेष्टा चाललेली नाही, हे त्यांना आवाजावरून कळलं असावं. त्या उठल्या, कपाट चाचपून उघडलं आणि रबर लावलेल्या जुन्या वह्यांचा गठ्ठा रेवतीच्या पुढ्यात ठेवला.

अक्षर रेवतीचंच होतं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख होती, सगळ्यात जुनी अकरा वर्षांपूर्वीची. एकविसाव्या पानावर लिहिलं होतं: 'दुपारी २.१० वा. फोन वाजला. मी उचलला. काळ्या रंगाचा जुना फोन, वायर गुंडाळलेली. पलीकडे देशमाने साहेब. म्हणाले महादेवला दे. मी बाबांना हाक मारली.' तिनं ते पान तीनदा वाचलं. डोळे मिटून केबिन आठवली. केबिन दिसली, पाऊस दिसला, वडील चाकाशी उभे दिसले आणि त्यांचा अडकलेला हात दिसला. टेबलावर फोन नव्हता. त्या जागी काहीच नव्हतं, आणि काही असायला हवं होतं असंही वाटत नव्हतं. परक्या बाईची जबानी वाचावी तसं तिनं ते पान वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून पुण्याला गेली.

डॉ. परचुरे वाईट माणूस नव्हते. त्यांनी वह्या पाहिल्या, तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग काय झालं असेल ते फळ्यावर रेघा काढून समजावलं. आठवण मेंदूत छायाचित्रासारखी ठेवलेली नसते. आपण ती आठवतो तेव्हा ती ओल्या मातीसारखी मऊ होते, आणि काही तासांनी पुन्हा घट्ट होऊन बसते. मऊ असताना तिच्यात जे मिसळेल त्यासकट ती घट्ट होते. हे विज्ञानाला कधीपासून माहीत आहे. पट्ट्याच्या चाचण्या घेतल्या त्या काल्पनिक गोष्टी लिहिणाऱ्यांवर. स्वतःची एकच आठवण आठ महिने रोज उकरणारं माणूस त्या चाचण्यांत नव्हतं. आठवण मऊ व्हायची आणि नेमकी तेव्हाच शाबासकी मिळायची, फोन नसलेल्या आठवणीला.

रेवतीनं आपल्या सगळ्या बैठकांची नोंद मागितली. ते आधी आढेवेढे घेत होते. ती खुर्चीवरून उठली नाही, तेव्हा त्यांनी कागद छापून दिले. फोनच्या प्रसंगावर एकूण एकोणीस बैठका झाल्या होत्या. त्यांत तिला एकशे सदतीस वेळा शाबासकी मिळाली होती, फोन थोडाथोडा पुसल्याबद्दल.

"यावर उपाय आहे," परचुरे म्हणाले. "वहीतलं ते पान समोर ठेवायचं आणि पट्टा लावायचा. मी केंद्र उलट बाजूनं चालवतो. आठ-दहा बैठकांत तुम्हाला तो फोन आठवायला लागेल. आवाजासकट."

"कुणाच्या आवाजासकट?"

परचुऱ्यांनी खडू खाली ठेवला. "मेंदू कुठला तरी आवाज देईल."

"म्हणजे तो देशमान्यांचा नसेल."

"तुम्हाला तो फरक कळणार नाही, रेवतीताई. तुम्हाला मनापासून खात्री वाटेल."

मोह झाला नाही असं नाही. खात्री असलेलं माणूस होऊन बाहेर पडायचं, आईसमोर जाऊन म्हणायचं की आठवलं गं. ती फळ्यावरच्या रेघांकडे बघत बसली. मग तिनं वह्यांना रबर लावलं.

"मला फरक कळणार नाही, म्हणूनच नको. एकदा तुम्ही काढलंत. आता तुम्हीच घालणार. मग माझं असं काय राहिलं त्यात?"

पट्टा तिनं पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि ती निघाली.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात देशमान्यांची मुलाखत आली. वय शहात्तर, निवृत्तीनंतर सल्लागार, घरामागच्या बागेत काढलेला फोटो. त्यांनी म्हटलं होतं की इतकी वर्षं मी गप्प राहिलो, कारण मेलेल्या माणसाची बदनामी नको होती. आता त्याच्या मुलीनंच मोठ्या मनानं सत्य लिहिलं आहे, तिचं मला कौतुक वाटतं. रेवतीनं ते आईला वाचून दाखवलं. शालनबाईंनी पदर घट्ट खोचून घेतला, पाण्याला जाताना खोचायच्या तसा.

प्रकाशकाला तिनं कळवलं की पुस्तकाची छपाई थांबवा. त्यानं करार दाखवला. मग समजुतीच्या सुरात विचारलं की ही कादंबरी आहे, कादंबरीला कोण पुरावा मागतो. रेवती म्हणाली की देशमान्यांनी मागितला आणि त्यांना तो मिळालासुद्धा.

ऑगस्टमध्ये पुराला पंचवीस वर्षं झाली. निंबगावच्या ग्रामपंचायतीनं स्मृतिदिनाला तिला बोलावलं होतं, पुस्तकातला उतारा वाचायला. समाजमंदिरात शंभरेक माणसं होती. पुढच्या सतरंजीवर त्या अकरा घरांतली माणसं बसली होती. प्रकाशकाचा माणूस पुस्तकांचा गठ्ठा घेऊन दाराशी उभा होता. रेवतीनं आईला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं, पिशवीतून जुनी वही काढली आणि एकविसावं पान वाचायला सुरुवात केली.

ते वाचायला फार कंटाळवाणं होतं, हे तिला वाचतानाही जाणवत होतं. वाक्यं लंगडत होती. 'मग' हा शब्द एका पानात चौदा वेळा आला होता. आठ महिने शिकलेला तिचा मेंदू प्रत्येक ओळीला कळवळत होता, इथं तोड, इथं पाऊस घाल, इथं थांब. ती थांबली नाही. मागच्या रांगेतली काही माणसं उठून गेली. देशमान्यांचं नाव आलं तेव्हा सभागृहात चुळबूळ झाली. वाचून झाल्यावर तिनं पट्ट्याबद्दल सांगितलं, एकशे सदतीस या आकड्याबद्दल सांगितलं, आणि पुस्तकातला अडकलेला हात आपण रचला आहे असं सांगितलं.

सरपंचांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "ताई, तुम्हाला स्वतःला तो फोन आठवतोय का?"

"नाही."

"मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

"माझ्यावर ठेवू नका," रेवती म्हणाली. "जिला आठवत होतं, तिच्यावर ठेवा. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून कुणी तिचं वाचलं नाही. मला लिहिता यायला लागलं तेव्हा मी तेच खोडलं. मी सुधारले ते चुकलं असं मी म्हणत नाही. सुधारताना मी कुणाला विचारत होते, ते चुकलं. मी त्या चाळीस हजारांना विचारलं. त्यातला एकही जण धरणावर नव्हता."

मग पुढच्या सतरंजीवरच्या एक बाई उभ्या राहिल्या. त्यांचं नाव गजराबाई चोपडे, त्या पुरात त्यांचा नवरा गेला होता. सत्तरीच्या असतील.

"मला त्या फोनचं माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण साडेतीनला मी घाटावर होते, पाहुण्यांना ओवाळायला. पाणी गुडघ्याच्या खाली होतं. वर एवढा पाऊस, आणि नदी खाली. आम्ही बायका म्हणत होतो, असं कसं. हे मला आठवतंय. माझ्या डोक्याला कुणी पट्टा लावलेला नाही." त्या खाली बसल्या. नंतर आणखी एक जण उठला, मग एक म्हातारा. ते फोनबद्दल काहीच सांगू शकत नव्हते. पण प्रत्येकाजवळ त्या दुपारचं काहीतरी होतं, आणि ते कुणी कधी विचारलेलं नव्हतं. रेवतीनं वहीची मागची कोरी पानं उघडली आणि लिहून घ्यायला सुरुवात केली. नाव, जागा, वेळ.

पुढं फार मोठं काही घडलं असं नाही. चौकशी पुन्हा उघडावी म्हणून निंबगावनं दिलेला अर्ज अजून पडून आहे. परचुऱ्यांनी आपल्याकडच्या बाकीच्या अकरा जणांच्या जुन्या वह्या मागवून तपासल्या. चौघांच्या आठवणी हललेल्या निघाल्या. स्वतःबद्दल लिहिणाऱ्यांना पट्टा द्यायचा नाही, असा नियम त्यांनी स्वतःच केला आणि त्यापायी संस्थेतलं पद गमावलं. प्रकाशकानं उरलेल्या प्रतींत, अडकलेला हात रचलेला आहे अशी एक चिठ्ठी घातली, तीही रेवती दोनदा त्याच्या दारात जाऊन बसली म्हणून.

ती आता नवं पुस्तक लिहिते आहे. दर रविवारी शालनबाईंना घेऊन निंबगावला जाते, एका घरी बसते, लिहिलेलं वाचते. माणसं तिला मध्येच थांबवतात. नाही, म्हैस आधी सुटली. नाही, तो ओरडला नाही, त्यानं नुसता हात वर केला. अशा वेळी अजूनही डोक्यात तो गारवा येतो आणि चांगलं वाक्य सोडवत नाही. ती ते खोडते. तरी लिखाण जुन्या वहीसारखं राहिलेलं नाही. कुठं थांबायचं ते तिला कळतं, ते तिच्याकडून कुणी काढून घेतलेलं नाही. आता ती थांबते ती गजराबाई थांबतात तिथं.

दिवाळीच्या आधी देशमान्यांच्या वकिलाची नोटीस आली. जे आपल्याला आठवत नाही असं आपण जाहीरपणे कबूल केलं आहे, ते पान तीस दिवसांत मागं घ्यावं आणि माफी मागावी. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीचा वकील होता, त्यानं दोन पानांचं उत्तर तयार करून दिलं. रेवतीनं ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि स्वतः लिहायला बसली. आई पलीकडे पोहे पाखडत होती.

लिहून झाल्यावर तिनं मोठ्यानं वाचलं. "आपली नोटीस मिळाली. पान मागं घेणार नाही. ते लिहिलं त्या दिवशी मला सगळं आठवत होतं आणि मी शुद्धीवर होते. माफी मागणार नाही."

शालनबाईंनी सूप खाली ठेवलं. "खाली माझंपण नाव घाल."

"आई, तू तिथं नव्हतीस. ते हेच धरून बसतील."

"नव्हतेच. तेच लिही. मी तिथं नव्हते. त्या दिवशी घरी आल्यावर तुझ्या बाबांनी दारातच मला काय सांगितलं, ते लिही. म्हणाले, शालन, साहेबानं फोनवर अडवलं गं. एवढंच म्हणाले आणि चिखलाच्या पायांनी खाली बसले. पंचवीस वर्षं झाली. मी त्यात एक शब्द घातला नाही की काढला नाही."

रेवतीनं आई सांगत होती तसं, शब्दाला शब्द लिहिलं. मग कागद आईपुढं धरला आणि बोट धरून सही कुठं करायची ती जागा दाखवली. शालनबाईंनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, पूर्ण नाव लिहिलं.